गाडी पडली, आवाज चढला... आता काय?

मुलांनो, एक आवाज ओळखा पाहू!

धाड्... धाड्... धाड्... खळ्ळ्!

ओळखलंत? फटाके नाहीत, की पत्र्यावर उड्या मारणारी माकडंही नाहीत. दुकानापुढं ओळीनं लावलेल्या मोटारसायकली एकीला एक लागून पडल्या, की असा आवाज येतो. शेवटचा 'खळ्ळ्' आरशाचा, बरं का!

आमच्या अर्धापूरला हा आवाज काही नवा नाही. केळीचं गाव हे. नांदेडहून हिंगोलीकडं जाणारी वाहनं इथूनच पुढं जातात. केळीनं भरलेले ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, एसटी, ऑटो, शाळेच्या सायकली. आणि या सगळ्यांच्या मधे, जागा सापडेल तिथं स्टँडवर लावलेल्या मोटारसायकली. 'पार्किंग' हा शब्द आता लहान पोरांनाही येतो. जागा मात्र ज्याची त्यानं शोधायची!

आता समजा, तुम्ही सातवीत आहात. शिकवणी सुटली. झेरॉक्स काढायला दुकानापुढं सायकल लावली. परत निघताना सायकल ओढली आणि पायडल शेजारच्या मोटारसायकलीत अडकलं. ती हलली, कलंडली आणि पडता पडता पुढच्या दोघींना घेऊन पडली. एकीचा आरसा फुटला. दुसरीच्या इंडिकेटरचा तुकडा उडाला. तिसरीच्या टाकीला बारीकसा पोचा आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. झालं ते एवढंच.

पण पुढच्या अर्ध्या मिनिटात काय होतं? पानटपरीवरून दोघं येतात. एक हॉटेलातून हात पुसत येतो. आणखी दोघं नुसतेच येतात.

"दिसंना का रे तुला?"

"कोणाचा आहेस तू?"

"सायकल ठेव इथंच. तीन हजार घेऊन ये, मग ने."

"घरी सांगू का तुझ्या? का पोलिसात देऊ?"

पाच माणसं. एकही चेहरा ओळखीचा नाही. तुमची मान त्यांच्या छातीपर्यंत. तोंड कोरडं पडलेलं, शब्द फुटत नाही. आणि यातली सगळ्यात विचित्र गोष्ट सांगू? त्या पाचांपैकी तिघांची तिथं गाडीच नाही!

आज आपण या अर्ध्या मिनिटाबद्दलच बोलणार आहोत. आरसा दुकानात विकत मिळतो. पण त्या अर्ध्या मिनिटात बसलेली भीती कधी कधी महिनोन् महिने जात नाही. काही मुलं त्या दुकानाचा रस्ताच सोडून देतात. काही जण घरातून पैसे काढून गुपचूप नेऊन देतात. म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

छाती का धडधडते?

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन नावाचे एक शास्त्रज्ञ होते. भीती आणि राग आल्यावर प्राण्याच्या शरीरात काय घडतं, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९१५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. संकट समोर दिसलं, की शरीर एका क्षणात दोन गोष्टींची तयारी करतं: एक तर लढायचं, नाही तर पळायचं.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते. धोक्याचा निरोप मिळाला, की ती अॅड्रिनलिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. मग हृदय भराभर ठोके देतं. श्वास वाढतो. रक्त हातापायांच्या स्नायूंकडं धावतं. तोंडाला कोरड पडते. तळहाताला घाम येतो. पाय लटपटतात, कारण ते पळायला तयार असतात आणि आपण त्यांना पळू देत नाही!

ही सगळी तयारी वाघ समोर आला तर फार उपयोगाची. पण गोची अशी, की शरीराला वाघ आणि ओरडणारा माणूस यांतला फरक लगेच कळत नाही. आरसा फुटला काय आणि वाघ दिसला काय, त्याची धावपळ तीच.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली: तुम्ही थरथरता म्हणजे तुम्ही गुन्हेगार आहात, असं मुळीच नाही. लोक म्हणतात, "बघा, कसा घाबरलाय! म्हणजे ह्यानंच मुद्दाम पाडली." असं काही नसतं. निर्दोष माणूसही थरथरतो. धीट माणूसही थरथरतो. थरथरणं हे शरीराचं काम आहे, त्यावरून खरं-खोटं ठरत नाही.

दुसरी: समोरच्या गाडीमालकाच्या रक्तातही तेच अॅड्रिनलिन धावत असतं! तुमच्यात त्याची भीती होते, त्याच्यात त्याचा राग होतो. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात तो जे बोलतो, ते पाच मिनिटांनी तोच बोलेल असं नाही. पाच मिनिटं जाऊ देणं हाच निम्मा उपाय.

ती पाच मिनिटं कशी काढायची? दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेका. श्वास नाकानं घ्या आणि तोंडानं सावकाश सोडा, गरम दुधावर फुंकर घालतो तसा. श्वास घ्यायला लागला त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागू द्या. असं चार-पाच वेळा केलं, की हृदयाचे ठोके हळूहळू उतरतात. आत्ता हा अंक मांडीवर ठेवूनच करून बघा ना!

दोन हिशेब, दोन वह्या

वाण्याच्या दुकानात उधारीची वही वेगळी असते आणि रोखीची वेगळी. दोन्ही एकत्र केल्या तर घोटाळा होतो. आपल्या गोष्टीतही दोन हिशेब आहेत.

पहिला हिशेब नुकसानीचा. गाडी तुमच्या सायकलीमुळं पडली. आरसा फुटला. हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. ती गाडी कदाचित दूधवाल्याची असेल. सकाळी तिच्यावर कॅन लावून तो चार गावं फिरत असेल. त्याच्या पोटाला चिमटा बसला तर तो चिडणारच. त्याचं नुकसान भरून देणं हे आपलं काम. किती? तर मिस्त्री सांगेल तेवढं. पानटपरीवरचा माणूस सांगेल तेवढं नव्हे.

दुसरा हिशेब धाकाचा. नुकसान झालं म्हणून कुणाला तुमची कॉलर धरण्याचा, शिव्या देण्याचा, सायकलीची चावी काढून घेण्याचा किंवा मनाला येईल तो आकडा मागण्याचा हक्क मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता हा नवा कायदा लागू झाला. त्याच्या आधीच्या जुन्या दंडसंहितेतही आणि या नव्या संहितेतही भीती घालून पैसे उकळणं हा गुन्हा आहे. धाकदपटशा करणं हा गुन्हा आहे. जाणाऱ्या माणसाची वाट बेकायदा अडवणं हाही गुन्हा आहे.

मात्र घाई करू नका हं! गाडीमालक जर म्हणाला, "बाबांना बोलाव, तोवर थांब इथं," तर ते रास्त आहे. ती धमकी नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हणालो असतो. फरक ओळखायची खूण सोपी आहे. जो मोठ्यांना बोलवायला सांगतो, त्याला भरपाई हवी असते. जो "घरी सांगू नको, गुपचूप पैसे आण" म्हणतो, त्याला दुसरंच काही हवं असतं. दुसऱ्यापासून सावध राहा.

१९८८ सालच्या दोन गोष्टी

१९८८ साली आपल्या देशात मोटार वाहन कायदा झाला. आजही तोच चालू आहे, वेळोवेळी त्यात बदल होत गेले आहेत. या कायद्याचं १३४ वं कलम फार वाचण्यासारखं आहे. मोटारगाडीमुळं कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर चालकानं काय करायचं ते त्यात दिलंय. जखमीला उपचार मिळवून द्यायचे. पोलिसांनी विचारलेली माहिती द्यायची. पोलीस तिथं नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, घडलेलं कळवायचं.

पण त्यात एक सवलतही आहे. जमाव खवळला असेल आणि त्यामुळं चालकाला जखमीला दवाखान्यात नेणं शक्यच नसेल, तर? कायदा म्हणतो, अशा वेळी तसं झालं नाही हे समजून घेता येईल. पण का झालं नाही, ते ठाण्यात जाऊन सांगा. म्हणजे पाहा, कायदा लिहिणाऱ्यांनाही खवळलेल्या लोकांची भीती ठाऊक होती! घाबरणं हा दोष नाही, असं त्यांनी जणू मान्य केलं. पण घाबरून गडप होणं मात्र त्यांना चालत नाही. जिवाला धोका असेल तर तिथून बाजूला व्हा आणि थेट पोलिसांकडं जा.

सायकल ही काही मोटार नव्हे, म्हणून तिला हे कलम लागत नाही. पण रीत तीच.

आता १९८८ सालचीच दुसरी गोष्ट. ही मात्र दुःखाची आहे. २७ डिसेंबरचा दिवस. पंजाबातल्या पतियाळा शहरात एक जिप्सी गाडी रस्त्यात उभी होती. मागून मोटारीतून आलेल्या ६५ वर्षांच्या गृहस्थांनी ती बाजूला घ्यायला सांगितली. त्यावरून बाचाबाची झाली. बाचाबाचीची हाणामारी झाली आणि त्या गृहस्थांचा मृत्यू झाला. जिप्सीत होते क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू आणि त्यांचे एक मित्र. खटला वर्षानुवर्षं चालला. या कोर्टातून त्या कोर्टात गेला. शेवटी १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सिद्धूंना एक वर्ष सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. म्हणजे ३३ वर्षांहून जास्त काळ ते एक भांडण संपलंच नाही! गाडी बाजूला घ्यायला किती वेळ लागला असता? फार तर एक मिनिट.

आपल्या महाराष्ट्रातही असं घडलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसऱ्याच्या दिवशी, मुंबईत मालाड स्टेशनजवळ रिक्षाच्या कट मारण्यावरून वाद झाला. बघता बघता माणसं जमली आणि एका तरुणाला त्यांनी इतकं मारलं, की त्याचा जीव गेला. त्याला वाचवायला त्याची आई त्याच्या अंगावर आडवी झाली होती.

मुलांनो, ही गोष्ट तुम्हाला भिववायला सांगितली नाही. हजारो गाड्या रोज एकमेकींना घासतात आणि बहुतेक वेळा लोक दोन शब्द बोलून, हात जोडून निघून जातात. पण कधी कधी असं होतं, ते या दोन हिशेबांची सरमिसळ झाल्यामुळं. आरशाचा हिशेब हातानं चुकवायला निघालं, की मग तो कुणालाच चुकवता येत नाही.

घोळका बनतो कसा, मोडतो कसा?

आता तुम्ही त्या घोळक्याच्या मधे नाही, कडेला उभे आहात असं समजा. खरं म्हणजे आपण मधे असण्यापेक्षा कडेलाच जास्त वेळा असतो. तेव्हा आपण काय करतो? बघत उभे राहतो. हल्ली तर मोबाईल वर करून!

माणसं अशी का वागतात, हे शोधायला बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी १९६८ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नपत्रिका भरायला बसवलं. थोड्या वेळानं भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला! खोलीत एकटाच बसलेला असेल, तर दर चारांपैकी तिघं उठून सांगायला गेले. पण सोबत मुद्दाम गप्प बसणारे दोघं ठेवले, तर दहांपैकी फक्त एकच जण उठला. बाकीचे धुरात डोळे चोळत लिहीत राहिले! प्रत्येकाच्या मनात एकच: हे दोघं काही बोलत नाहीत, म्हणजे बोलण्यासारखं काही नसावं.

घोळक्याचंही असंच. कडेच्या दहाही जणांना वाटत असतं, की लेकरावर जरा जास्तच ओरडतायत. पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो.

मग सगळेच नुसते बघे असतात का? नाही! ही खरी आनंदाची बातमी. २०१९ साली काही संशोधकांनी इंग्लंडमधलं लँकेस्टर, नेदरलँड्समधलं ॲमस्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रीकरण तपासलं. दर दहांपैकी नऊ भांडणांत कुणी ना कुणी अनोळखी माणूस मधे पडलेला दिसला. आणि जितकी माणसं जास्त, तितकी कुणीतरी मदतीला येण्याची शक्यता जास्त निघाली. म्हणजे अनोळखी माणसांच्या गर्दीत घाबरवणारे असतात, तसे सोडवणारेही असतात. फक्त कुणीतरी पहिलं बोलावं लागतं.

ते पहिलं वाक्य मोठं नको. भाषण तर मुळीच नको. आमच्याकडं भाजीची पाटी घेऊन बसलेली एखादी मावशी ते फार छान म्हणते, "कामून ओरडायलात लेकरावर? गाडी कोणाची आहे?"

झालं! या शेवटच्या तीन शब्दांत जादू आहे. ज्यांची गाडी नाही ते इकडं तिकडं बघायला लागतात. हळूच मागं सरकतात. पाचांचे दोन उरतात. आणि दोघांशी बोलता येतं.

तुम्ही लहान असाल, तर रागावलेल्या मोठ्या माणसांच्या मधे घुसू नका. पण जवळच्या दुकानातल्या काकांना, मावशीला, आपल्या सरांना बोलावून आणणं तुम्हाला नक्की जमेल. पडलेल्या मुलाजवळ उभं राहून "लागलं का रे?" एवढं विचारणंही जमेल. एकट्या पडलेल्या माणसाला ते तीन शब्द किती मोठे वाटतात, ते त्यालाच विचारा.

मग करायचं काय?

समजा गाडी तुमच्याच हातून पडली. तर हे लक्षात ठेवा. वहीत उतरवून घेतलंत तर आणखी चांगलं.

१. पळू नका. पळालात की लोक मागं धावतात आणि साधी चूक मोठी होते. आधी कुणाला लागलंय का ते बघा. मग कुणाच्या तरी मदतीनं गाडी उभी करा.

२. स्वतःहून बोला. "काका, माझ्याकडून पडली, चुकलं माझं. गाडी तुमची आहे का?" एवढंच. रडू आलं तर येऊ द्या, लाज कसली?

३. उजेडात आणि माणसांत थांबा. "चल तिकडं, मागं बोलू," असं कुणी म्हटलं तर जाऊ नका. कुणाच्या गाडीवर बसू नका. जवळच्या दुकानात जाऊन उभे राहा.

४. घरी फोन करा. फोन नसेल तर दुकानदाराकडं मागा. पण त्यासाठी घरचा नंबर पाठ हवा! पाढे पाठ करता ना, मग दहा आकडे काय अवघड आहेत?

५. पैसे, सायकल, चावी, मोबाईल, दप्तर यातलं काही देऊन टाकू नका. कशावर सही करू नका. "माझे बाबा येऊन बोलतील," हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा, पण अदबीनं म्हणा. कुणी ओढून घेऊ लागलं, तर मात्र झटापट करू नका. सायकलीपेक्षा तुम्ही मोलाचे आहात.

६. फारच भीती वाटली तर ११२ ला फोन करा. तो पोलिसांच्या मदतीचा नंबर. मुलांसाठी १०९८ हाही नंबर आहे. ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि मग देशभर पसरली. दोन्ही नंबरांना पैसे पडत नाहीत.

७. गाडीचा मालक तिथं नसेल तर? दुकानदाराला सांगा आणि गाडीला चिठ्ठी लावा, नाव आणि घरचा नंबर लिहून. कुणी पाहिलं नाही म्हणून निघून जाणं बरं नव्हे. जर्मनीत तर नुसती चिठ्ठीही पुरत नाही, बरं का! मालकाची वाट बघत थांबावंच लागतं. जपानमध्ये मोटारीची किरकोळ टक्करसुद्धा पोलिसांना कळवावी लागते.

स्कूटी चालवणाऱ्या ताई-दादांसाठी

आता जरा मोठ्या मुलांशी बोलते. आठवी-नववीतले बरेच जण शिकवणीला स्कूटीवर येतात. मागं दोघं-तिघं बसलेले! कायद्यानं १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती चालवता येत नाही. १६ वर्षांच्या मुलांना फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवायची मुभा आहे, तीही परवाना काढून. आणि रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटी त्याहून मोठ्या असतात.

२०१९ साली कायदा आणखी कडक झाला. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते. आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

पण मी हे दंडासाठी सांगत नाही. विचार करा. लहानशा धक्क्यानंतर घेरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती सगळ्यात धारदार हत्यार कोणतं? "पोलिसांना बोलावू का? लायसन आहे का तुझ्याकडं?" हे! परवाना नसलेला मुलगा मग काहीही कबूल करतो. पाचशेच्या आरशाचे पाच हजार द्यायला तयार होतो. नियम पाळणाऱ्याला "बोलवा पोलिसांना" असं ताठ मानेनं म्हणता येतं. नियम पाळण्याचा हा केवढा मोठा फायदा!

आणि समजा हे होऊनच गेलंय, कुणी तुम्हाला त्यावरून धाकात ठेवतंय, रोज पैसे मागतंय, तर? तरीही घरी सांगा. आजच सांगा. एक चूक झाली म्हणून आयुष्यभर कुणाला हप्ते द्यायचे नसतात.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी

मी प्राथमिक शाळेत शिकवते. हा विषय काढून मी एकदा चौथीच्या वर्गात विचारलं, "तुमच्याकडून कुणाची गाडी पडली, तर सगळ्यात जास्त भीती कशाची वाटेल?"

एक जण म्हणाला, "पोलिसांची." दुसरा म्हणाला, "त्या माणसाची, मारंल ना तो." मग मागच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, घरी कळल्याची." आणि अर्ध्याहून जास्त माना हलल्या.

पालकांनो, या माना विसरू नका. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं बळ कशात असतं? "घरी सांगू का?" या तीन शब्दांत. ज्या घरात मूल आपली चूक सांगू शकतं, त्या घरातल्या मुलाला ही धमकी लागूच पडत नाही. ते सरळ म्हणतं, "सांगा ना काका, मीच फोन लावतो."

म्हणून मूल घाबरं होऊन घरी आलं आणि म्हणालं, "माझ्याकडून गाडी पडली," तर पहिला प्रश्न "केवढ्याचं नुकसान केलंस?" हा नको. पहिला प्रश्न "तुला लागलं का?" हा हवा. नुकसानीचं मग बोलूच. मुलाला सोबत घेऊन त्या गाडीमालकाकडं जा. त्याच्यासमोरच मिस्त्रीला विचारा. पैसे द्या. मूल हे सगळं बघत असतं. ज्याची काल भीती वाटली तो माणूस आज बाबांशी चहा पीत हसतोय, हे बघितलं की मुलाच्या मनातला तो रस्ता पुन्हा मोकळा होतो.

आणि आपली स्वतःची गाडी कुणा पोरानं पाडली, तर? तेव्हा आपण त्या पाचांतले होतो की भाजीवाल्या मावशीसारखे, तेही आपली मुलं मागच्या सीटवरून बघत असतात.

डिकीतला कागद

आता शेवटी थोडं हातकाम!

युरोपातल्या अनेक देशांत गाडीमध्ये एक छापील फॉर्म ठेवायची पद्धत आहे. दोन गाड्या घासल्या, की दोन्ही चालक तो एकच फॉर्म मिळून भरतात. एका बाजूला एकाची माहिती, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची. गाड्या कशा उभ्या होत्या त्याचं चित्र काढायला जागाही असते! खाली दोघांच्या सह्या. सही केली म्हणजे चूक कबूल केली असं नव्हे, फक्त काय घडलं ते दोघांनी मिळून लिहिलं. लिहिताना ओरडता येत नाही, हा त्यातला खरा फायदा.

आपणही असा कागद करू या. एका कोऱ्या कागदावर पट्टीनं रेघा मारा आणि एकाखाली एक लिहा: तारीख आणि वेळ. जागा. कुणाला लागलं का? माझं नाव आणि घरचा फोन. गाडीमालकाचं नाव आणि फोन. गाडीचा नंबर. काय मोडलं? कुणी पाहिलं? आणि खाली चित्रासाठी एक मोठी चौकट.

त्याच्या तीन प्रती काढा. एक बाबांच्या गाडीच्या डिकीत विम्याच्या कागदासोबत ठेवा. विम्याचा कागद आहे ना, तेही त्याच वेळी बघा! आपल्या गाडीमुळं दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा आणि नुकसानीचा विमा काढणं आपल्या कायद्यानं सक्तीचं आहे. दुसरी प्रत आईच्या पर्समध्ये. तिसरी तुमच्या दप्तरात, कंपासपेटीच्या खाली.

कागद करता करता आई-बाबांना एक प्रश्न विचारा: "तुमच्याकडून कधी कुणाची गाडी पडली होती का? तेव्हा कोण मदतीला आलं होतं?" बघा, किती गोष्टी निघतील! त्यातली एखादी आपल्या वर्गात येऊन जरूर सांगा.